बंद हाताला कोणते यंत्र? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हाताची हालचाल गेलेल्या रुग्णांविषयी बडोद्यातील मराठी कुटुंबांकडून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : वडिलांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवे मनगट थोडे उचलते, बोटे किंचित उघडतात, पण सर्व कामे ते डाव्या हातानेच उरकतात. उत्तरायणात गच्चीवर नातवाची फिरकी धरण्याची त्यांची इच्छा आहे. रोबोवर व्यायामाचे महागडे पॅकेज घ्यावे का? (मांजलपूर)

उत्तर : आपण वर्णन केलेल्या हातासाठी मी तरी पहिला खर्च रोबोवर करणार नाही. रोबो हात धरून एकच हालचाल न थकता शेकडो वेळा करून घेतो आणि अशी पुनरावृत्ती मेंदूला उपयोगी पडते, हे मान्य. तथापि ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवडे रोबोवर सराव करूनही, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताने प्रत्यक्ष कामे करण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. पडद्यावरील ठिपक्याकडे हात सरकवणे आणि वरणभाताचा घास तोंडापर्यंत नेणे ही मेंदूच्या लेखी वेगवेगळी कामे आहेत.

वडिलांच्या बाबतीत खरी अडचण वेगळी दिसते : चालणारा डावा हात इतका तत्पर आहे की उजव्यावर कामाची पाळीच येत नाही. अमेरिकेत पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा चढवून जागेपणीचा बहुतेक वेळ दुर्बल हातालाच कामाला लावण्यात आले, जोडीला रोज काही तासांचा सराव होता, आणि मिळालेला लाभ वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणे ही या पद्धतीची अट आहे आणि वडील तिच्या जवळपास आहेत, म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून) हाताच्या हालचालीचे मोजमाप करून घ्यावे. जिन्यावर, न्हाणीघरात आणि गॅसजवळ मोजा काढलाच पाहिजे. फिरकीचे म्हणाल, तर ती घट्ट आवळायची नसते, दांडा सैल मुठीत फिरू द्यायचा असतो. त्यामुळे पतंग उडवण्यापेक्षा हे उद्दिष्ट कितीतरी आवाक्यातले आहे, आणि सरावाला आजपासून रिकामी फिरकी वापरता येईल.

प्रश्न : मोटारसायकलच्या अपघातानंतर भावाचा उजवा हात खांद्यापासून लोंबतो. चार महिने मशीनचा करंट घेत आहोत. तेच मशीन घरी विकत घ्यावे का? (कारेलीबाग)

उत्तर : घेऊ नये; मात्र नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाची भेट याच आठवड्यात घ्यावी. हे मी एरवीपेक्षा कठोरपणे लिहीत आहे, कारण येथे वेळच निसटून जाते. करंटच्या नेहमीच्या मशीनचे अल्पकालीन झटके स्नायूपर्यंत नसेच्या वाटेने पोहोचतात. पक्षाघातात किंवा मणक्याच्या दुखापतीत पाठीच्या कण्यापासून स्नायूपर्यंतची नस बहुधा शाबूत असते, म्हणून तेथे या झटक्यांनी मूठ उघडते, मिटते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळेच ताणून तुटले असेल, तर ती वाटच राहत नाही. तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, तर नसेविना राहिलेला स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांनंतर प्रतिसाद देण्याची क्षमता गमावतो. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांतील शस्त्रक्रियेला महत्त्व आहे. मनगटाकडे जाणाऱ्या चालू नसेचा एखादा धागा वळवून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडता येतो. तोवर खांदा निखळू नये म्हणून झोळी वापरावी.

प्रश्न : मेंदूत चिप बसवून हात हलतो म्हणतात. ते येथे मिळेल का? (रावपुरा)

उत्तर : उपचार म्हणून नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे, मानेखाली हालचाल गेलेल्या एका गृहस्थाने मेंदूतील संकेतांवरून हातातील स्नायूंना झटके देऊन स्वतः कॉफी प्यायली खरी, पण खांदा दुबळा असल्याने हात उचलायला यांत्रिक आधारही लागला. तो संशोधनाचा भाग होता.

प्रश्न : मानेत, मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीवर दुखापत झालेल्या माझ्या मुलीची बोटे आखडू नयेत म्हणून मी रोज मनगट मागे वाकवून ती सरळ ताणते. हे योग्य आहे का? (दांडिया बाजार)

उत्तर : आपल्या मायेवर नव्हे, केवळ पद्धतीवर आक्षेप आहे. या पातळीवर मनगट मागे उचलण्याची ताकद बहुधा टिकते, आणि मनगट मागे गेले की स्नायूबंध ताणले जाऊन बोटे आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीला टेकतो. हीच तिची पकड. आपण घालता तसा ताण रोज दिल्यास ती ढिली पडेल. बोटे सरळ करताना मनगट खाली झुकलेले ठेवावे आणि मनगट मागे नेताना बोटे मिटू द्यावीत. जेवणासाठी तळहाताभोवती बसणारा, चमचा खोचण्याची खोबण असलेला पट्टा बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेता येईल. माप घेताना मनगट मोकळे राहील एवढे पाहावे.