कर्ज फिटलं, पण सिबिलमध्ये थकबाकी

प्रश्न : होडीच्या इंजिनासाठी घेतलेलं कर्ज फिटलं, बँकेचा ‘नो ड्यूज’ दाखलाही आहे. तरी सिबिल रिपोर्टमध्ये १८,४०० रुपये थकीत दिसतात. पत्र कुणाला लिहू?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : दोघांना. सिबिल ही कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच नोंद सुधारते. सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार मोफत नोंदवा आणि त्याच दिवशी शाखेत पत्र द्या. पत्रात रिपोर्टची तारीख, कंट्रोल नंबर, कर्जखाते क्रमांक आणि नेमकी मागणी हवी : ‘थकबाकी शून्य करून खाते ‘क्लोज्ड’ दाखवावे.’ नुसतं ‘माझं सिबिल सुधारा’ लिहिलेलं पत्र टेबलावरच पडून राहतं. दाखल्याची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत हातची सोडू नका. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पुढे तीच पोच कामाला येते.

मात्र तडजोडीत काही रक्कम माफ झाली असेल, तर ‘सेटल्ड’ ही नोंद चूक नव्हे.

तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तीही टाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही तपासा. वर्षातून एकदा ते फुकट मिळतात.