बूट ड्राइव्ह शेवटच्या घटका मोजत असताना

प्रश्न: संगणक सुरू व्हायला फार वेळ लावतो, मध्येच अडकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कपुढे पिवळा इशारा दिसतोय. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवून डिस्क सुधारेल का?

सुधारणार नाही, आणि आत्ता चालवूही नका. चेकडिस्कची सखोल तपासणी अख्खी डिस्क वाचून काढते. एवढा ताण तिला झेपेलच असं नाही. तिच्यात जो काही दम उरलाय, तो तुमचा डेटा बाहेर काढण्यातच खर्च व्हायला हवा. आज, आत्ता, कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

मग क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीतल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघत असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे आकडे वाढतच असतील तर डिस्क बदलायचीच. सी७ एकटाच वाढत असेल तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो. आधी केबल बदलून बघा.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह बसतो. जुना काढल्याशिवाय नवा लावता येत नाही, मग क्लोन, म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल, करायचा कसा?

नवा ड्राइव्ह बाहेरून जोडा. २.५ इंची एसएसडीला यूएसबी-साटा केबल पुरते, एम.२ म्हणजे पट्टीसारखी छोटी एसएसडी असेल तर एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीने जोडायची डबी, लागते. ती घेताना ड्राइव्ह साटा आहे की एनव्हीएमई (जोडणीचे दोन वेगळे प्रकार) हे नीट बघा, कारण दिसायला दोन्ही जवळपास सारखेच.

आता पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट करा. डिस्क धड असेल तर क्लोन करायला क्लोनझिला हा प्रोग्राम उत्तम. पण वाचताना चुका येत असतील तर मी डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कवरून डेटा उतरवणारा प्रोग्रामच वापरायला सांगेन. तो सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, अडलेल्या जागा शेवटी ठेवतो, आणि काय झालं नि काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये करतो. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मात्र मॅपफाइल या दोन्ही ड्राइव्हपासून वेगळी, तिसऱ्या जागी हवी.

डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये आधी जुना ड्राइव्ह, मग नवा. क्रम उलटला तर रिकामा ड्राइव्ह तुमच्या डेटावर उतरेल. एंटर दाबण्याआधी दोन्हींचे मॉडेल आणि सिरियल नंबर पडताळा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.

प्रश्न: जुनी डिस्क १ टीबीची आहे, पण भरलेली जेमतेम १०० जीबी. २५६ जीबीची एसएसडी चालेल?

चालेल, पण क्लोनच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, लहान करावं लागेल, म्हणजे आजारी डिस्कवर फायलींची हलवाहलव. त्यापेक्षा नवीन विंडोज टाका आणि वाचवलेला डेटा परत घ्या. विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. संगणक चालतोय तोवरच तो बनवून ठेवा. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, तेव्हा तीच आवृत्ती टाकली तर नवा घ्यावा लागत नाही.

प्रश्न: सी ड्राइव्ह क्लोन करून एसएसडी बसवली, पण बूट होत नाही.

फक्त सी उतरवल्याने हे होतं. बूटच्या फायली ईएफआय नावाच्या छोट्या, एरवी न दिसणाऱ्या पार्टिशनमध्ये असतात. जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर पूर्ण ड्राइव्ह पुन्हा क्लोन करा. पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका, आणि नव्या ड्राइव्हवरच्या फायली उघडून पाहिल्याशिवाय ती पुसू नका.