आप्पांची पिशवी तुमच्या हातात कशासाठी?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातील एका गावातून ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा: "गेले काही महिने पहाटे मला एकच स्वप्न पडते. मी लोंढा जंक्शनच्या फलाटावर उभी असते. दोन्ही बाजूंनी गाड्या येतात आणि जातात, पण माझी कोणती ते कळत नाही. फलकावरची अक्षरे वाचायला जावे तर ती विरघळतात. आप्पांची औषधांची पिशवी हातात असल्यामुळे मला जागचे हलता येत नाही. आत्या म्हणते की, प्रवासाचे स्वप्न म्हणजे घरात कोणाचे तरी मरण, आणि पहाटेचे स्वप्न खरे होतेच. आप्पा आषाढीला दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेले होते, तेव्हाही हे स्वप्न पडतच होते. आई नाही. घरी भाऊ-वहिनी आहेत, सगळे मला समजून घेतात. कोल्हापूरच्या एका शाळेने कायम नोकरीसाठी बोलावले आहे, पण आप्पांना सोडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. या स्वप्नाचा अर्थ काय असेल?"

तुमच्या पत्रातील एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि ते फलाटाविषयीचे नव्हते. आप्पा पायी पंढरपूरला जाऊन आले, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. ज्या माणसाने पावसात चालत, मिळेल त्या शाळेच्या किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकत पंढरी गाठली, त्याला वाटेत गोळ्या कोण काढून देत होते? त्या त्यांच्याच पडशीत होत्या आणि त्यांनी त्या स्वतःच घेतल्या असणार, कारण ते धडधाकट परत आले आहेत. तरीही त्याच दिवसांत तुम्ही त्यांची पिशवी घट्ट धरून लोंढ्याच्या फलाटावर उभ्या होता. त्या पिशवीची गरज आप्पांना उरलेली नाही, ती तुम्हाला आहे, हे तुमच्या स्वप्नाला कळले असून तुम्हाला अजून कळायचे आहे.

आत्याबाईंच्या भाकिताला मी फार जागा देणार नाही. १९५३ साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोन संशोधकांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले आहे की, ज्या झोपेत ठसठशीत स्वप्ने पडतात तिचे टप्पे रात्र सरत जाते तसे लांबत जातात. पहाटे त्याच झोपेतून आपण थेट जागे होतो, म्हणून ते स्वप्न ध्यानात राहते; त्याला भविष्य कळते म्हणून नव्हे. राहिली प्रवास म्हणजे मरण ही समजूत. स्वप्नातले प्रस्थान मृत्यूचे प्रतीक असते असे मनोविश्लेषक फ्रॉइडनेही लिहिले आहे. परंतु गाडी चुकण्याच्या स्वप्नाला त्याने दिलाशाचे स्वप्न म्हटले आहे, कारण ते झोपलेल्याला सांगते की, घाबरू नकोस, तू जाणार नाहीस. आता हे स्वतःला लावून पाहा. तुमचे स्वप्न तुम्हाला भिववत नसून रोज पहाटे तुमची समजूत घालते आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

दोन ठिकाणांच्या मधली जागा वाईट असते, असे मी म्हणणार नाही. बृहदारण्यक उपनिषदाने तर इहलोक आणि परलोक यांच्या संधीवरचे तिसरे स्थान म्हणून स्वप्नालाच मान दिला आहे, जिथे उभे राहून पुरुष, म्हणजे आत्मा, दोन्हीकडे पाहतो. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये संस्कारविधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्यापासून तुटणे, मधल्या उंबरठ्यावर असणे आणि नव्यात सामील होणे. यातला मधला टप्पा आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही. हळद लागलेल्या नवरीला घराबाहेर पाठवत नाहीत, तिला एकटी सोडत नाहीत, कारण ती या घरची राहिलेली नसते आणि त्या घरची झालेली नसते. मात्र ही हळद एक-दोन दिवसांची असते, आणि अक्षता पडल्यावर तिला कोणी लावून ठेवत नाही. तुम्ही किती महिने लावून ठेवली आहे, ते पत्रात नीट सांगितलेले नाही.

आपल्या भागातले कोणी हे पत्र वाचून लगेच म्हणेल की, आम्ही सीमाभागातले लोक १ नोव्हेंबर १९५६ पासून अधांतरीच आहोत, आमची स्वप्ने अशीच असायची. कृपा करून हा आधार घेऊ नका. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमचा प्रश्न कोणत्याही न्यायालयात नाही आणि त्याचा निकाल तुमच्या एका सहीवर अडला आहे. शिवाय कोल्हापूर म्हणजे काही परदेश नव्हे. बेळगावहून संकेश्वर, निपाणी, कोगनोळीचा नाका, कागल असा तो रस्ता आहे, आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर निघालात तरी रात्रीच्या जेवणाला तुम्ही आप्पांच्या पानाशेजारी असाल.

मग इतके दिवस अडले कुठे? मला वाटते, आप्पा परवानगी देणार नाहीत याची तुम्हाला भीती नाही. ते सहज "जा की" म्हणतील, आणि तुमच्यावाचून त्या घराचे फारसे अडत नाही हे उघडे पडेल, याची भीती आहे. ते ऐकायला दुखेल, हे मी जाणते. आईच्या मागे ज्या मुलीने ते घर सावरले, तिला तिथे आपली गरज उरली नाही हे मान्य करणे एखाद्या आजारपणाहून जड जाते. पण त्यासाठी चालत्या-फिरत्या बापाला रोगी ठरवून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

म्हणून आज शाळेला होकाराचे पत्र पाठवा, आणि ते पाठवून झाल्यावरच आप्पांना सांगा. हा क्रम उलटा करू नका. आधी विचारलेत तर ते उत्तर देण्यापूर्वी जेमतेम क्षणभर थांबतील, त्या थांबण्याचा तुम्ही हवा तो अर्थ लावाल, आणि मला पुढचे पत्र लिहाल. गोळ्यांच्या वेळा खरोखरच फक्त तुम्हाला ठाऊक असतील, तर त्या कागदावर लिहून तो कागद वहिनीच्या नव्हे, भावाच्या हातात द्या.