पॅरडाइम शिफ्ट आणि 'देव' चालवणं

प्रश्न असा आलाय: 'पॅरडाइम शिफ्ट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? विचारणाऱ्यांकडे एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचं भाषांतर आहे. त्यात 'ग्राहकसेवेत पॅरडाइम शिफ्ट' असं आहे. त्यांनी 'प्रतिमान-विस्थापन' सुचवलं, तर साहेब म्हणाले, हे धरणग्रस्तांबद्दल आहे का?

साहेबांचं चुकलं नाही. त्या वाक्यात बहुधा एवढंच सांगायचंय की आता फोनऐवजी ॲपवरून तक्रार घेतात. 'पद्धतच बदलली' लिहा, फार तर 'कायापालट'. पण हा शब्द सगळीकडे पसरला तो थॉमस कून या भौतिकीकडून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेल्या अमेरिकन अभ्यासकामुळे, त्याच्या १९६२ सालच्या 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स' या पुस्तकातून. तिथला अर्थ बराच वेगळा आहे, आणि गंमत म्हणजे शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी माणसाला तो चटकन कळण्यासारखा आहे.

'पॅरडाइम' हा मुळात ग्रीक शब्द: शेजारी ठेवून दाखवलेला नमुना. त्यातला 'दाखवणे' हा धातू आपल्या 'निर्देश'मधल्या 'दिश्'चा भाऊबंद. युरोपात तो व्याकरणाच्या वर्गात चांगला रुळलेला होता. कूनने स्वतः उदाहरण दिलंय ते लॅटिनच्या 'आमो, आमास, आमात'चं: हा एक धातू चालवता आला की त्याच्यासारखे बाकीचे चालवता येतात. आता आठवा: देवः देवौ देवाः. मग बाई म्हणायच्या, 'बालक' देवाप्रमाणे चालवा. नियम कुणी सांगत नसे. एक शब्द चालवून दाखवला की वर्ग पुढचे शंभर चालवायचा.

कूनचं म्हणणं, वैज्ञानिकही असाच घडतो. न्यूटनचे नियम पाठ करून कुणी भौतिकी शिकत नाही. उतरणीवरून घरंगळणारा गोळा, लंबक, ग्रहाची कक्षा अशी सोडवलेली उदाहरणं गिरवून तो शिकतो, आणि पुढे आयुष्यभर नवी कोडी त्याच धर्तीवर सोडवतो. म्हणून मला मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द वाटतो 'कित्ता'. एक खोच आहे. कूननेच बजावलंय की व्याकरणातला नमुना जसाच्या तसा गिरवता येतो, विज्ञानातला तसा नाही. तो न्यायालयाच्या निवाड्यासारखा, नव्या परिस्थितीला लावताना दर वेळी थोडा उलगडावा लागतो. 'कित्ता गिरवणे'मध्ये हे येत नाही, हे कबूल.

(वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे फार नेमका शब्द होता: प्रकृती. अमावास्या-पौर्णिमेचा दर्शपूर्णमास हा यज्ञ इष्टींची, म्हणजे छोट्या यज्ञांची, प्रकृती, बाकीच्या इष्टी तिच्या बरहुकूम करायच्या, त्या विकृती. पण आज 'विज्ञानाची प्रकृती बदलली' म्हटलं तर लोक डॉक्टरला बोलावतील.)

आता 'सखि' घ्या. दिसतो 'हरि'सारखा, चालतो मात्र सखा सखायौ सखायः. म्हणून आपण 'हरि' फेकून देतो का? अपवाद म्हणून वहीत टिपतो आणि पुढे जातो. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विज्ञानाची ओळख अशी सांगितली होती की, ते स्वतःला खोटं ठरवता येईल असं विधान करतं. भाकीत चुकलं तर सिद्धांत सोडायची तयारी हवी. कूनने इतिहास चाळला तर लोक अपवादाची वहीच भरताना दिसले. युरेनस हिशेबाप्रमाणे फिरेना, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने न्यूटनला सोडलं नाही, पलीकडे एक ग्रह असणार असं गणित मांडलं. १८४६ साली बर्लिनला नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा चुकू लागली. त्याने पुन्हा तीच युक्ती केली, सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह कल्पिला. तो कधीच सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत वहीत पडून राहिली, ती थेट १९१५ साली आइन्स्टाइनने कित्ताच बदलेपर्यंत. मला इथे कूनचं वर्णन जास्त पटतं, मात्र पॉपरही दिसतो तितका सरळसोट नव्हता.

कित्ता बदलला की शब्दांचे अर्थही हलतात, आणि शब्दचर्चेच्या दृष्टीने खरी मेजवानी ही आहे. कूनचंच उदाहरण 'ग्रह'. पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या प्राचीन टॉलेमीच्या आकाशात सूर्य-चंद्र ग्रह होते आणि पृथ्वी नव्हती. कोपर्निकसनंतर (१५४३) सूर्य तारा झाला, चंद्र उपग्रह आणि पृथ्वी ग्रह. मराठीत हे दोन्ही कित्ते आजही सुखाने नांदतात: भूगोलाच्या तासाला पृथ्वी ग्रह, वास्तुशांतीच्या पूजेत नवग्रहांत रवि आणि सोम, शिवाय राहू-केतू, पृथ्वीचा पत्ता नाही. २००६ साली प्लूटोचा 'बटुग्रह' झाला त्याला मात्र पॅरडाइम शिफ्ट म्हणू नये. तिथे व्याख्या बदलली, आकाश तेच राहिलं.

मग 'शिफ्ट'चं काय? 'क्रांती' सुचते. इंग्रजी 'रेव्होल्यूशन' आकाशातल्या फेऱ्यांवरून राजकारणात उतरला, आणि आपली 'क्रांती'ही ज्योतिषात आधीपासून आहे. क्रांतिवृत्त हा सूर्याचा मार्ग. एका राशीतून दुसरीत जाणं ती संक्रांत. अर्थाने फार जवळ, पण विज्ञानावर संक्रांत आली म्हटलं तर निराळंच काही समजेल.

'प्रतिमान' विद्वत्तापूर्ण लेखात चालेल, पण बी.एड.वाल्यांनी तो 'अध्यापन प्रतिमाने' करून 'मॉडेल'साठी आधीच घेतलाय. 'विचारव्यूह' दिसायला छान, पण त्यात सोडवून दाखवलेलं उदाहरण हा गाभाच हरवतो. अर्थात, कूनचं पुस्तक वाचून मार्गारेट मास्टरमन या ब्रिटिश अभ्यासिकेने त्यात 'पॅरडाइम'चे २१ अर्थ मोजले होते, तेव्हा भाषांतरकाराने एकाच शब्दाचा हट्ट धरू नये. माझं मत विचाराल तर खांदेपालटाच्या चालीवर 'कित्तेपालट'. अहवालात मात्र घालू नका, साहेब पुन्हा बोलावतील.