वाचकांचे प्रश्न : मोठ्या निगेटिव्हसाठी परवडणारा स्कॅनर

प्रश्न : आजोबांच्या फोटो स्टुडिओतील ४ × ५ इंची कृष्णधवल निगेटिव्ह आमच्याकडे आहेत. त्या संगणकावर उतरवण्यासाठी कमी खर्चात कोणता स्कॅनर घ्यावा?

उत्तर : कागदपत्रांसाठीचा साधा स्कॅनर येथे उपयोगी पडत नाही, कारण निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो आणि त्यासाठी झाकणात दिवा असावा लागतो. मात्र तो दिवा किती रुंदीला प्रकाश देतो, हेही आधी तपासावे. एप्सनच्या व्ही६०० स्कॅनरमध्ये ही प्रकाशाची पट्टी सात सेंटिमीटरांहूनही अरुंद असल्याने आपली निगेटिव्ह एका वेळी स्कॅन होत नाही, आणि तुकडे जोडत बसणे मोठ्या संग्रहासाठी मला तरी व्यवहार्य वाटत नाही. त्याऐवजी जुना एप्सन ४९९० किंवा व्ही७०० चांगल्या स्थितीत मिळाला, तर तो जरूर घ्यावा. दोन्हींवर ८ × १० इंचांपर्यंतची फिल्म स्कॅन होते. विक्रेत्याने झाकणातील दिवा लावून दाखवावा आणि फिल्म होल्डर (निगेटिव्ह धरून ठेवणाऱ्या चौकटी) सोबत द्यावेत, असा आग्रह धरावा. जाहिरातीतील ६४०० डीपीआयला (दर इंचात टिपल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या संख्येला) भुलू नये: व्ही७०० प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमीच तपशील टिपतो, पण एवढ्या मोठ्या निगेटिव्हचे २००० डीपीआयवरही सुमारे ८ कोटी पिक्सेलचे चित्र मिळते. धूळ काढणारी ‘डिजिटल आइस’ सुविधा चांदीयुक्त कृष्णधवल फिल्मवर नीट चालत नाही. ती बंद ठेवून ब्लोअर व मऊ ब्रशने धूळ आधीच झटकावी.