डोळ्यातून पाणी येतंय, मग कोरडे कसे?

प्रश्न: डॉक्टर, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट, लेक्चर, नोट्स सगळं लॅपटॉपवर आणि मग झोपताना मोबाईल, म्हणजे दहा-अकरा तास तरी स्क्रीन होतेच. संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, वाचता वाचता अक्षरं धूसर होतात, दोन-चारदा डोळे मिचकावले की परत नीट दिसतं. नंबर तपासला, बदललेला नाही. रूममेट म्हणते डोळे कोरडे पडलेत, पण माझ्या डोळ्यांतून तर उलट पाणी वाहतं! स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का?

उत्तर: अगं, रूममेट बहुतेक बरोबर बोलतेय. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो ना, त्यात नुसतं पाणी नसतं, वर तेलाचा पापुद्रा असतो जो पाणी उडून जाऊ देत नाही. तो विस्कटला की डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि ती चुरचुर शमवायला एकदम भरपूर पाणी सुटतं, पण ते टिकत नाही, गालावर ओघळतं आणि डोळा परत सुका. अक्षरं धूसर होणं पण त्यातलंच, मिचकावल्यावर स्वच्छ दिसतं म्हणजे थर तुटत होता.

आता यात स्क्रीन काय करते, तर पापणी विसरायला लावते. गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण 15-20 वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की ते 5-7 वर येतं, आणि त्यातल्याही बऱ्याच अर्धवट, वरची पापणी खाली पोचतच नाही. तेलाच्या ग्रंथी पापण्यांच्या कडेलाच असतात, पूर्ण मिटलं की त्या दाबल्या जाऊन तेल सुटतं, अर्धवट मिटलं तर नाही. म्हणून 'स्क्रीन बंद करा' असं मी सांगतच नाही, थिसिस काय पाटीवर लिहिणार? पण तासातून एकदा तरी पापण्या हलकेच पूर्ण मिटायच्या, दोन सेकंद थांबायचं, उघडायच्या, असं दहा वेळा कर. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर बघायचा नियम ऐकला असशील, चांगलाच आहे, पण लांब बघतानाही टक लावून बसलीस तर अर्धा फायदा गेला. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेव, डोळा कमी उघडा राहतो. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको.

ब्लू लाइटचे पैसे वाचव. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात, या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही.

ड्रॉप्स घ्यायचे तर कृत्रिम अश्रूंचे, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र नकोत, ते नुसत्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, बंद केले की डोळे आणखी लाल. मित्राने दिलेले स्टेरॉइडचे तर अजिबातच नाही, डोळ्याचा दाब वाढतो.

आणि हो, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का, ते तू लिहिलं नाहीस. दोन्हींनी डोळे कोरडे पडतात, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस की गोळ्यांचं नाव आधी सांग. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर जाच. उजेड सहन होत नसेल, खूप दुखत असेल, मिचकावूनही धूसर राहत असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील आणि डोळा लाल झाला असेल, तर लेन्स काढ आणि त्याच दिवशी दाखव.