फोटोला हार घातला म्हणजे पूजा झाली का?

प्रश्न : आमच्या शेजारचे काका ख्रिश्चन आहेत, हॉलमध्ये त्यांच्या वडिलांच्या फोटोला हार असतो अन् पुण्यतिथीला उदबत्ती पण लावतात. परवा एक नातेवाईक आले आणि 'हे आपल्यात चालत नाही' म्हणून तिथेच सुरू झाले. काका म्हणाले, यावरून चीनमध्ये शंभर वर्षं भांडण झालंय. खरंय का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : खरंय, उलट काकांनी शंभर म्हणजे कमीच सांगितले. मातेओ रिची नावाचा इटालियन जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा पाद्री, 1583 मध्ये चीनमध्ये जाऊन राहिला तो बौद्ध भिक्षूच्या वेशात, डोकंबिकं भादरून. मग कळलं की तिथले शिकलेले लोक भिक्षूंना विचारतच नाहीत, मान सगळा कन्फ्युशियस या जुन्या चिनी तत्त्वज्ञाचे ग्रंथ घोकून परीक्षा पास झालेल्यांना. 1595 मध्ये गड्यानं रेशमी झगा चढवला, दाढी वाढवली अन् त्याच ग्रंथांवर वाद घालायला बसला. म्हणे जुन्या ग्रंथांतला 'शांगदी' म्हणजे आमचाच देव, नंतरच्या पंडितांनी 'ली' नावाचं तत्त्व आणून तो झाकला. मला हे जरा सोयीचं वाचन वाटतं, पण निदान वाचून तरी बोलत होता. पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे वाकणं हा त्याच्या मते मान होता, पूजा नाही.

मागून आलेल्या डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांच्या लोकांना हे काही पटेना, तक्रारी थेट रोमला, आणि 1704 मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी त्या विधींवर बंदीच घातली. 1706 मध्ये चीनचा सम्राट कांगशीनं बंदीवाल्या बाजूच्या मेग्रो नावाच्या फ्रेंच बिशपला बोलावून सिंहासनामागची चार चिनी अक्षरं वाचायला सांगितली, तर त्याला ती धड वाचता येईनात! कन्फ्युशियसवर निकाल देणार अन् अक्षरओळख नाही, मग सम्राट भडकणार नाही तर काय. याच कांगशीनं 1692 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती, 1721 मध्ये त्यानंच प्रचार बंद करायचं फर्मावलं.

रोमनं शेवटी 1939 मध्ये माघार घेतली, कन्फ्युशियसला वंदन आणि मृतांच्या फोटोपुढे मान झुकवणं चालेल म्हणाले. पण तो हुकूम चीनसाठी होता आणि कॅथलिकांपुरता, तेव्हा काकांच्या उदबत्तीचं त्यांच्या फादरनाच विचारा.